उन्हातली दोरी

१० फेब्रुवारी

होस्टेलचा खालचा संडास पुन्हा तुंबला. फोन आला तेव्हा पहिलं लेक्चर संपत होतं. धावत गेले. सोनाबाई — आमच्या मुलींच्या होस्टेलची सफाई कित्येक वर्षं त्याच करतात — खाली बसून कोपरापर्यंत हात आत घालून होत्या. हातात मोजा नाही.

बाहेर येत होते ते पॅड. पाण्याने फुगून उशीएवढे झालेले. एक काढला की त्यामागे दुसरा. मुली दारात नाकाला ओढण्या लावून उभ्या. एकदम सोनाबाईंनी हात मागे खेचला. कुणीतरी पॅडच्या गुंडाळीत ब्लेड घालून टाकलं होतं. तळवा करंगळीपर्यंत फाटला. त्या घाण पाण्यात रक्त.

त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्याडम, तुमच्या पोरी शिकत्यात तरी काय हितं?"

दवाखान्यात नेलं. टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. आमच्याकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, तरी घरी येऊन दोनदा आंघोळ केली. वास जाईना. जेवण गेलं नाही.

११ फेब्रुवारी

रेक्टर म्हणून मुलींची सभा घेतली. चांगलं झापलं. भिंतीवर एवढी मोठी पाटी लावलीय, टॉयलेटमध्ये काही टाकू नका म्हणून — ती काय शोभेला? सगळ्या खाली बघत बसलेल्या. मागच्या रांगेतून सोनम उठली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची, वळसंगच्या पुढच्या एका वस्तीवरची. घरी मेंढरं आहेत. वर्गात कधी तोंड उघडत नाही.

"मॅडम, मग टाकायचं कुटं?"

डब्यात, असं म्हणणार होते. मग लक्षात आलं, संडासात डबाच नाही. खोलीतल्या डब्यात टाकलं तर घंटागाडीवाला पिशवीत बघून ती परत ठेवतो. मग मुली मागच्या भिंतीवरून पलीकडे भिरकावतात, आणि कुत्री ते फाडून रस्ताभर करतात. हे मला दिसत नव्हतं असं नाही. रोज त्याच रस्त्याने येते की मी.

पर्यावरण हा विषय मीच शिकवते. प्लॅस्टिकवर अख्खं प्रकरण आहे. त्यात हे नाही.

१४ फेब्रुवारी

सोनाबाईंचा हात सुजला. भरती केलं. डॉक्टर म्हणाले, पू वर चढतोय, चिरा द्यावा लागेल. बोटं हलतील ना, विचारलं. "बघू," म्हणाले.

त्यांची सून बाहेर बाकावर बसली होती. माझ्याशी बोलली नाही. बरोबरच आहे.

१५ फेब्रुवारी

आज माझीच पाळी. पॅड बदलून नेहमीसारखा वर्तमानपत्रात गुंडाळला, आणि हात डब्यावर थांबला. इतक्या वर्षांत हा हात कधी थांबला नव्हता. सकाळी घंटागाडी गाणं वाजवत येते, माझा नवरा सुबोध डबा नेऊन ओततो, गाडी पुढे जाते, आपलं काम संपतं. पण ते तिथे संपत नाही. पुढे कुठेतरी कुणीतरी ते उघडतं, चाळतं, हाताने बाजूला करतं. आणि त्यानंतरही ते कुठे तरी पडून राहणार. आम्ही नसू, आमची ओवी नसेल — सातवीतली माझी ओवी म्हातारी होऊन गेलेली असेल — तरी ते असणार.

शेवटी टाकला. दुसरं करणार काय?

२० फेब्रुवारी

सोनम प्रोजेक्टचा विषय घेऊन आली. दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचं प्रोजेक्ट सक्तीचं आहे. बहुतेक मुली नेटवरून तापमानवाढ उतरवून आणतात आणि मी सही करते. सोनम म्हणाली, तिला पॅड शिवायचेत. कापडाचे. धुऊन पुन्हा वापरायचे.

"माजी आई लुगड्याचं फडकं घेती, मॅडम. पर ते वाळवती गोठ्यामागं, अंधारात, कुनाला दिसू नये म्हनून. तिला सारका तरास. मला वाटतं, फडकं वाईट न्हाय, लपवनं वाईट हाय. करून बगू का?"

इतकं सलग बोलताना तिला पहिल्यांदा ऐकलं. हो म्हटलं. पण प्रोजेक्टला नाव काय द्यायचं, यावर अडलो. शेवटी 'वस्त्र-कचरा व्यवस्थापन' असं काहीतरी गोलमाल लिहिलं. तो भित्रेपणा माझा, तिचा नव्हे.

२५ फेब्रुवारी

पहिला प्रयोग साफ फसला!

सोनमच्या खोलीत एक पद्मशाली मुलगी राहते. तिच्या वडिलांचे टॉवेलचे माग आहेत. कापून टाकलेल्या काठांच्या पट्ट्यांचं एक पोतं तिने घरून आणलं. सोलापुरी टॉवेलसारखं पाणी पिणारं दुसरं आहे काय! सोनमने घडीवर घडी घातली. इतक्या घड्या, की ज्या मुलीने तो वापरून बघितला ती म्हणे घोड्यावर बसल्यासारखी चालत होती. आणि एवढं करून खालून गळलंच. मुली लोळून हसल्या. सोनमही हसली. मग सगळं उसवून परत बसली. फसलं म्हणून रुसली नाही, कुणाला दोष दिला नाही. मला हे फार आवडलं.

ओवीही होती. शाळा सुटली की ती होस्टेलवर येते, मग आम्ही दोघी मिळून घरी जातो. पट्ट्या कापायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय. लाज नावाचा प्रकार तिला अजून कुणी शिकवलेला दिसत नाही.

२ मार्च

छत्री!

गळू नये म्हणून खाली काय लावायचं, इथे सगळं अडलं होतं. आज सोनमने एक मोडकी छत्री आणली, तिचं कापड उसवलं आणि खालचा थर केला. मध्ये टॉवेल. वर जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा. दोन बाजूंना पंख, त्यांना टिचबटणं. सुंदर दिसत होता. हा शब्द इथे लिहिताना हसू येतंय, पण खरंच सुंदर होता.

आता प्रत्येकीला आपल्या घरची मोडकी छत्री आठवायला लागलीय.

७ मार्च

नळाला पाणी आलं नाही. आता आणखी एक दिवस.

१४ मार्च

मी वापरला. कॉलेजला जाताना. दिवसभर जीव मुठीत. प्रॅक्टिकल घेताना दर थोड्या वेळाने साडी मागून चाचपत होते, चोरासारखी. काही झालं नाही. काही म्हणजे काहीच नाही.

खरी परीक्षा घरी, धुवायच्या वेळी. स्वतःचं रक्त असं बादलीत कधी बघितलं नव्हतं. वाटलं होतं, शिसारी येईल. आली नाही. काळजी वाटली ती पाण्याची. एक कचरा वाचवायचा आणि त्यासाठी पाणी ओतायचं, तेही सोलापुरात? मग दिसली ती पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरची नळी. मोरीत गळत असते. फिल्टर घरी आणला तेव्हापासून गळतेय, आणि मी ती आज बघितली. तिच्याखाली बादली ठेवली. त्याच पाण्यात भिजवलं, धुतलं. भिजवलेलं पाणी जास्वंदीला घातलं.

सुबोध मोरीशी आला, बादलीकडे बघत जरा उभा राहिला.

"ही माझी छत्री का?"

"हो."

"चांगली होती," म्हणाला, आणि चहा टाकायला गेला.

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा माणूस मला कधीकधी नव्याने आवडतो.

१८ मार्च

होस्टेलच्या निम्म्याहून जास्त मुली आता सोनमचे पॅड वापरतात. वाळवायचे कुठे, हा प्रश्न होता. सोनमने गच्चीवर दोरी बांधली. ओढणीखाली नाही, टॉवेलच्या आड नाही. उघड्यावर, उन्हात. कुणाच्या साडीचा निळा तुकडा, कुणाचा ठिपक्याठिपक्यांचा. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून बघत राहिले. या उन्हाला आपण जन्मभर शिव्या घालतो, आणि तासाभरात सगळं खडखडीत वाळलेलं.

घंटागाडीत जाणारी पिशवी आता उचलायला हलकी लागते.

२१ मार्च

डोळे एकदा उघडले की मिटता येत नाहीत. आज सकाळी दुधाच्या पिशवीचा कोपरा कापला आणि तो नखाएवढा तुकडा बोटावर घेऊन उभी राहिले. रोजचा एक. हे सगळे तुकडे कुठे असतील? आता कोपरा पूर्ण कापत नाही, पिशवीला चिकटलेलाच ठेवते. सुबोधला दाखवलं. तो म्हणाला, "मी तर गेले आठ दिवस असंच करतोय. तू ती नळीखाली बादली ठेवलीस तेव्हापासून."

२४ मार्च

संस्थेचे सचिव पंचाक्षरी सर यांचं बोलावणं. समोरच्या बंगल्यातून तक्रार आलीय. घराबाहेर पडलं की ते दिसतं, घरात वडीलधारी माणसं आहेत, वगैरे.

सर वाईट माणूस नाहीत. पण शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. "ते... ते वर काय लावलंय, ते उद्यापर्यंत काढा. आणि ती मुलगी ऐकत नसेल, तर पुढच्या वर्षी तिच्या जागेचा विचार करावा लागेल."

होस्टेल सुटलं तर सोनमचं शिक्षण सुटलं. एसटी फाट्यावर थांबते, तिथून वस्ती लांब. रोज येणं-जाणं होण्यासारखं नाही.

मी "हो सर" म्हणून उठले.

२५ मार्च

दोरी काढली. सोनमने माझ्यासमोर गाठी सोडल्या, दोरी नीट गुंडाळली, माझ्या हातात दिली. का, कशासाठी, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२९ मार्च

पॅड आता बाथरूमच्या बोळात, ओढणीखाली. सुकत नाहीत. कुबट वास येतो. एका मुलीला पुरळ उठलं, डॉक्टरकडे नेलं. दोघीतिघींनी परत दुकानातलं पाकीट आणलं.

सोनमने कुणाला अडवलं नाही. उलट सगळ्यांना सांगत होती, "ओलं वापरू नका ग. त्यापरीस विकतचं बरं." स्वतः उभं केलेलं काम डोळ्यांदेखत मोडत असताना इतकं सरळ बोलायचं! मला जमलं नसतं.

१ एप्रिल

आज कळलं ते लिहायलाच हवं.

सोनम काल दुपारी समोरच्या बंगल्यात गेली. एकटी. मला न विचारता. दार यशोदाबाईंनी उघडलं. तक्रार ज्यांच्या मुलाने केली त्या ह्याच. सत्तरीच्या पुढच्या, सोवळंओवळं कडक, असं मी ऐकून होते. पुढचं सोनमच्याच तोंडचं —

"मी म्हनले, आजी, आमच्या दोरीचा तुमाला तरास झाला म्हनं. माफ करा. पर ते काय हाय, येवडं सांगून जाते. आनि पिशवीतनं एक काडून दावला. कोरा."

"मग?"

"लई येळ बगत उब्या ऱ्हायल्या. उलटा केला, सुलटा केला. बटन उगडलं, लावलं. मग म्हनल्या, आत ये, ऊन लागतंय."

ताक दिलं म्हणे. दोघी बराच वेळ बोलत बसल्या. काय बोललात, विचारलं. सोनम म्हणाली, "ते आजींचं हाय, मॅडम."

तिची होस्टेलमधली जागा धोक्यात आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. तिला आधीच माहीत होतं! ऑफिसच्या शिपायाने सांगितलेलं. माहीत असून गेली. माझ्या अर्ध्या वयाची पोर.

३ एप्रिल

यशोदाबाई स्वतः आल्या. कठडा धरत, पायरीपायरीवर थांबत, थेट आमच्या गच्चीपर्यंत. मागून त्यांचा मुलगा, दोन्ही हातांवर गठ्ठा घेऊन. धुऊन घड्या घातलेल्या जुन्या सुती साड्या. त्याची नजर खाली.

मुली गोळा झाल्या. यशोदाबाईंना धाप लागली होती. खुर्ची आणली, पण त्या उभ्याच राहिल्या.

"मी अडगळीच्या खोलीत वाळवायची. पलंगाखाली दोरी बांधून. कधी वाळायचं, कधी नाही. ओलंच घ्यायचं. दोनदा चांगली आजारी पडले, पण डॉक्टरांना खरं सांगितलं नाही. घरातल्या पुरुषांच्या नजरेला कधी पडू दिलं नाही, याचा मला फार अभिमान होता. कसला अभिमान, ते या मुलीशी बोलल्यापासून शोधते आहे."

मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "दोरी बांध. घट्ट बांध. मुलींचा हात पोचेल अशी."

त्याने बांधली. खालमानेने, पण नीट, दोन गाठी मारून. जाताना माझ्यापाशी थांबला. "मला माहीत नव्हतं, मॅडम. आईचं," म्हणाला.

मी पंचाक्षरी सरांना फोन केला. त्यांच्यासारखं 'ते' म्हटलं नाही. पॅड म्हटलं. पाळी म्हटलं. मग सर म्हणाले, "तक्रारच नसेल तर माझं काही म्हणणं नाही." आणि फोन ठेवताना, "त्या मुलीला सांगा, तिच्या जागेचं मी बघतो."

९ एप्रिल

सोनाबाई कामावर आल्या. दोन बोटं पुरती मिटत नाहीत. झाडू आता डाव्या हातात.

मुलींनी प्रत्येक संडासात झाकणाचा डबा ठेवलाय. ज्या विकतचं वापरतात त्या कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून त्यात टाकतात. ती पिशवी वेगळी जाते. कौतुकाने सोनाबाईंना दाखवलं. त्यांनी झाकण उचललं, आत बघितलं, ठेवलं.

"चांगलं हाय. बगू की किती दिस टिकतंय."

कुणाला राग आला नाही. तसं म्हणायचा त्यांचा हक्क आहे. संस्थेने जाड रबरी मोजे दिलेत. ते घालण्याआधी सोनाबाईंनी एकेक मोजा उलटा करून झटकला, आत बोट न घालता, लांब धरून. ते बघून मी ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं. रडू आवरेना.

१६ एप्रिल

सोनमचे वडील आले. बिरप्पा. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, पाय धुळीने भरलेले. गावात बातमी पोचली असणार. आता हे पोरीला घेऊन जाणार. सोनम दाराआड उभी. चेहरा पांढरा.

खुर्ची दिली, बसले नाहीत.

"मॅडम, गावात बोलत्यात. बिरप्पाची पोरगी गच्चीवर काय वाळवती म्हनून."

मी घाईने समजवायला सुरुवात केली. स्वच्छता, आरोग्य, पर्यावरण — वर्गात बोलते तसं. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"तसं न्हवं. हिची आई सारकी आजारी असती. डाक्टरीन म्हनली, चांगलं कापड वापरा, उनात वाळवा. ते हितं करत्यात म्हनं. बाईमानसाचं काम, मला कुनाला इचारावं ते कळंना. म्हनून मीच आलो." मग खूप हळू, "घरात दोगी हायती. आई आनि धाकटी. दोगींचं द्या की."

सोनम दाराआडून पुढे आली. बापलेक एकमेकांकडे बघेनात. ती आत गेली आणि पिशवी भरून घेऊन आली. पॅड कसे धुवायचे, कुठे वाळवायचे, हे ती त्यांना जमिनीकडे बघत सांगत होती, आणि ते जमिनीकडे बघत "व्हय, व्हय" म्हणत होते.

जाताना त्यांनी पिशवी घोंगडीत गुंडाळायला घेतली. मग थांबले. घोंगडी परत खांद्यावर टाकली आणि पिशवी तशीच हातात धरून निघाले. रस्त्याच्या वळणापर्यंत दिसत होते. तोवर मी खिडकीतून हलले नाही. सोनमही.

२४ एप्रिल

प्रोजेक्टचे गुण लागले. बाहेरच्या परीक्षकांनी सोनमला काठावर पास केलंय. शेरा — विषय अभ्यासक्रमाला धरून नाही. मी तावातावाने अर्ज लिहायला घेतला.

"ऱ्हाऊ द्या की, मॅडम," ती म्हणाली. "पास हाय न्हवं?"

सुट्टीला घरी निघताना माझ्याकडून कापड कापायची मोठी कात्री मागून घेऊन गेली. वस्तीवर बायकांना शिकवणार आहे.

४ मे

ओवीला आज पाळी आली.

मी शिवलेल्यातले सगळ्यात मऊ पॅड काढून समोर ठेवले. तिने हात लावला नाही. "आई, मला भीती वाटतेय. विकतचं दे." इतके दिवस पट्ट्या कापणारी माझी पोर! तोंडात आलेलं सगळं गिळलं. सुबोध जाऊन पाकीट घेऊन आला.

मग ती चहा प्यायली, जरा सावरली, आणि माझा फोन मागितला. "सोनमताईला मीच सांगणार." गॅलरीत उभं राहून, खालचे-वरचे सगळे ऐकतील अशा आवाजात तिने सांगितलं.